अडलेला खटका

एखादी वस्तु चालेनाशी झाली म्हणजे तिची अवस्था सांगण्यास मराठींत निदान तीन क्रियापदें आहेत. ती मोडते, बिघडते किंवा अडते. या तिहींतील भेद आमच्या आजीच्या पिढीस शिकवावा लागत नसे. खुर्चीचा पाय मोडतो, दूध बिघडतें आणि घोडें अडतें. मोडलेल्या वस्तूचा एखादा अवयव गेलेला असतो, बिघडलेल्या वस्तूचा गुण गेलेला असतो. परंतु अडलेल्या वस्तूचें कांहींच गेलेलें नसतें. तिचें सर्व अंग शाबूत असून तिला फक्त कांहीं तरी हवें असतें, आणि तें मिळेपर्यंत ती जागची हलत नाहीं. दहाव्याच्या पिंडाभोंवतीं घिरट्या घालून त्यास न शिवणारा कावळा हें या अडण्याचें आमच्या समाजांतील परमावधीचें उदाहरण होय. त्या वेळीं कावळ्यास कांहीं विकार जडला आहे असें कोणी म्हणत नाहीं. गेलेल्या माणसाची कोणती इच्छा राहिली असेल याचा सर्वजण विचार करूं लागतात, आणि मुलीचें लग्न करून देऊं, धाकट्याचें शिक्षण पुरें करूं, अशीं आश्वासनें हात जोडून दिलीं जातात. अलीकडे मात्र या तिन्ही क्रियापदांचें काम 'जॅम' या एकाच पाहुण्यावर सोंपविण्यांत आलें आहे. रस्ता जॅम होतो, लिफ्ट जॅम होते, कुलूप जॅम होतें, आणि पावावर लावण्याचा मुरंबाहि जॅमच. शब्दांची काटकसर झाली हें खरें. परंतु तपासाची एक वाट बुजली असें आम्हांस वाटतें.

हा विचार आमच्या मनांत येण्यास एक कॅमेरा कारण झाला. तो आमच्या थोरल्या मामांचा. मामा बांधकाम खात्यांत ओव्हरसियर होते, बिऱ्हाड वाईस होतें, आणि त्यांच्या नोकरीचीं उमेदीचीं वर्षें पसरणीच्या घाटांतील मोऱ्या, कठडे व दरडी यांच्या सहवासांत गेलीं. १९५८ च्या सुमारास विलायतेस परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनीं हा कॅमेरा जुना म्हणून विकत घेतला व त्यापायीं तीन महिन्यांचा पगार खर्चीं टाकला. ही हकीकत मामी अजूनहि सांगतात, आणि सांगतांना त्यांचा आवाज अजूनहि किंचित् चढतो.

कॅमेरा 'रेटिना थ्री-सी' जातीचा. हें घराणें मोठें. जर्मनींत स्टुटगार्ट येथें ऑगस्ट नागेल नांवाच्या कुशल गृहस्थांचा कारखाना होता. तो अमेरिकेच्या कोडॅक कंपनीनें विकत घेतला, आणि १९३४ सालीं तेथून पहिली रेटिना बाहेर पडली. पस्तीस मिलिमीटर फिल्मची उजेडांत भरतां येणारी जी धातूची डबी पुढें साऱ्या जगाच्या कॅमेऱ्यांत जाऊन बसली, ती तिच्याच जोडीनें जन्मास आली. थ्री-सी बाजारांत आली ती १९५४ सालीं. मिटलेली असतांना ती साबणाच्या थोराड वडीसारखी दिसते. पुढचें दार उघडलें म्हणजे भिंग आपल्या आसनासह बाहेर येऊन बसतें. फिल्म सरकविण्याची दांडी माथ्यावर नसून तळाशीं आहे. तिच्या एका हेलकाव्यांत फिल्म एक घर पुढें जाते आणि त्याबरोबर शटरची कमानहि चढते. शटर 'सिंक्रो-काँपूर', म्हणजे म्युनिकच्या डेकेल कारखान्यानें १९१२ सालीं जें काँपूर शटर बाहेर काढलें त्याचें नातवंड. पोलादाचीं पातळ पातीं, तीं उघडण्यामिटण्यास कमान, आणि मिटण्यास विलंब लावावयाचा असेल तर त्यासाठीं घड्याळांतल्यासारखी दांत्यांच्या चाकांची ओळ, एवढाच त्याचा संसार. परंतु तो इतका नेटका कीं पुऱ्या सेकंदापासून सेकंदाच्या पांचशेंव्या भागापर्यंत हवा तेवढा काळ तो तोडून देतो.

मामा १९८४ च्या जानेवारींत, संक्रांतीच्या चार दिवस आधीं, एकाएकीं गेले. दहाव्या दिवशीं कृष्णेच्या घाटावर कावळा तात्काळ शिवला आणि त्यांच्या मनांत कांहीं राहिलें नव्हतें असें सर्वांस समाधान वाटलें. तेराव्या दिवशीं मात्र निराळाच प्रकार घडला. दूरदूरची मंडळी जमली होती. इतकीं माणसें पुन्हां एका छपराखालीं कधीं येतील याचा भरंवसा नव्हता. म्हणून आमचे मामेबंधु, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतों, त्यांनीं मामांचा कॅमेरा कपाटांतून काढला, मंडळींना अंगणांत उभें केलें आणि खटका दाबला. खटका खालीं जाईना. तळची दांडी ओढून पाहिली, तीहि हलेना. आम्ही त्या वेळीं चौदा वर्षांचे असून पहिल्या रांगेंत मांडी घालून बसलों होतों, त्यामुळें हें सर्व जवळून पाहिलें आहे. तेवढ्यांत मागच्या रांगेंतून एक वृद्ध आत्याबाई म्हणाल्या, "राहूं दे रे. ज्याचा होता तो गेला. आतां तो दुसऱ्या कुणाचं ऐकायचा नाहीं."

या एका वाक्यानें कॅमेऱ्याचें चाळीस वर्षांचें भवितव्य ठरलें. मामींनीं तो मामांच्या धुवट पंच्यांत गुंडाळून ठेवून दिला. दर खंडेनवमीस तो बाहेर निघे, मामांच्या मोजण्याच्या फितीशेजारीं पाटावर बसे, हळदकुंकू आणि झेंडूचें फूल घेऊन पुन्हां पंच्यांत जाई. तो उघडून पाहण्याची गोष्ट घरांत कोणी काढली नाहीं. काढली असती तर ती मामींना रुचली नसती. पाहुण्यांत कधीं विषय निघालाच तर, "हे गेले आणि त्यानंहि डोळा मिटला," असें त्या सांगत. सांगतांना त्या रडत नसत. उलट त्या सांगण्यांत थोडा अभिमान असे. ज्या वस्तूचा आपण पंचवीस वर्षें सवतीप्रमाणें राग केला तिनें शेवटीं इमान राखलें, असा कांहींसा तो भाव होता.

मामींचें वय आतां अठ्ठ्याऐंशी. वाईचें घर विकण्याचें ठरून सामान पुण्यास दादांकडे आलें, तेव्हां दादांच्या चिरंजीवांनीं जुन्या कॅमेऱ्यांच्या एका व्यापाऱ्याकडे चौकशी केली. चालू असेल तर बरी किंमत येईल, नाहीं तर भिंग काढून घेऊन बाकीचा सांगाडा मोडींत, असें उत्तर आलें. 'मोडींत' हा शब्द मामींच्या कानीं गेला. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं कॅमेरा पंच्यासुद्धां आमच्या घरीं आला, आणि 'तुला अशीं कामं येतात, एकदां बघ,' असा निरोपहि आला. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या मनुष्यास अशीं कामें कशीं येतात, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येईल. विद्यार्थिदशेंत आमची खोली एका घड्याळजीच्या दुकानावर होती, आणि परीक्षेच्या दिवसांत पुस्तकापेक्षां त्याच्या चिमट्याकडे पाहत बसणें आम्हांस अधिक गोड वाटे, एवढेंच त्याचें उत्तर आहे.

अडलेल्या यंत्रापुढें बसल्यावर पहिलीं पांच मिनिटें दोन्ही हात मांडीवर ठेवावेत, हा त्या घड्याळजीचा दंडक. आपल्या लोकांचा स्वभाव याच्या अगदीं उलट. आमच्या लहानपणीं घरोघर रेडिओ, आणि पुढें दूरचित्रवाणीचे संच, चापट मारून चालविले जात. आणि ते चालतहि, कारण आंत एखादा डाख सुटलेला असे व धक्क्यानें तो क्षणभर पुन्हां टेके. या यशामुळें चापटीचें शास्त्र सर्वत्र रूढ झालें. परंतु कॅमेऱ्याच्या पोटांत बहुधा सुटलेला डाख नसतो, एकमेकांत गुंतलेले दांते असतात. रेटिना थ्री-सीच्या अंगांत तळच्या दांडीची ओढ शटरपर्यंत पोंचविणारी दांत्यांची एक लहानशी पट्टी आहे. दांडी थांबलेली असतां तिच्यावर जोर केला तर या पट्टीचे दांते झिजतात किंवा उडतात, आणि मग मात्र दुरुस्ती कठीण. या जातीचे कॅमेरे निकामी झाले त्यांतले पुष्कळ या पट्टीपायीं. म्हणजे अडलेली वस्तु मोडते ती बहुधा तिला चालविण्याच्या खटपटींत. तेराव्याच्या दिवशीं दादा चांगले सव्वीस वर्षांचे होते व हाताला जोर होता. आत्याबाईंचें वाक्य वेळेवर आलें म्हणून त्यांनीं दांडी सोडली. भाबड्या समजुतीनें यंत्राचे दांते वांचविल्याचें आमच्या माहितींतील हें एकच उदाहरण.

हात मांडीवर ठेवून आम्हीं कॅमेरा नुसता पाहिला. दांडीच्या सांध्यांत चाळीस खंडेनवम्यांची हळद साचली होती. भिंगाच्या कडेस बुरशीचा कोळिष्टकासारखा एक तंतु होता. आपल्या हवेंत इतक्या वर्षांत एवढाच असावा हें आश्चर्य. माथ्यावर आंकड्यांची एक लहान चकती आहे. ती '१' या आंकड्यावर येऊन थांबली होती. तेथें आम्हांस हंसूं आलें, आणि पाठोपाठ तें ओसरलेंहि.

इतर कॅमेऱ्यांत बहुधा किती फोटो झाले तें मोजतात. रेटिनांत किती उरले तें मोजतात. फिल्म भरतांना मालकानें आंकडा छत्तिसावर आणून ठेवावयाचा. प्रत्येक फोटोगणिक तो एकेक पायरी उतरतो आणि एकावर आला कीं दांडी बंद होते. फिल्म संपल्यावरहि कोणी ओढीत राहिला तर ती डबींतून उपटून येईल किंवा तिच्या कडेचीं भोकें फाटतील, म्हणून ही योजना. आतां खटक्याचें पाहा. एकाच चौकटीवर दोन फोटो पडूं नयेत म्हणून फिल्म पुढें सरकल्याखेरीज खटका खालीं जात नाहीं. ज्या जुन्या कॅमेऱ्यांत ही सोय नव्हती त्यांत आजोबांच्या पोटांतून पांचगणीचें पठार दिसण्याचे चमत्कार घडत. दोन्ही नियम आपापल्या जागीं शहाणपणाचे आहेत. परंतु दोन्ही एकदम लागू झाले म्हणजे खटका म्हणतो, 'आधीं दांडी ओढा'. दांडी म्हणते, 'आंकडा संपला'. आणि माणूस मधल्यामध्यें. कचेरींत ज्यानें एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फेऱ्या घातल्या आहेत त्यास ही स्थिति अधिक समजावून सांगण्याची जरूर नाहीं. त्यांतहि आणखी मौज अशी कीं हा आंकडा फिल्मकडे पाहतच नाहीं. मालकानें सुरुवातीस जें सांगितलें तेवढेंच तो जाणतो. मालक आंकडा लावण्यास विसरला तर अर्धी फिल्म कोरी असतांनाहि कॅमेरा अडून बसतो. स्टुटगार्टच्या कोणा यंत्रज्ञानें सत्तर वर्षांपूर्वीं दिलेली आज्ञा तो अक्षरशः पाळीत असतो, आणि आपण म्हणतों तो मोडला.

याच वर्गांतलीं आणखी दोन सोंगें सांगण्यासारखीं आहेत. घडीच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत पुढचें दार शेवटपर्यंत उघडून जागच्या जागीं बसल्याखेरीज खटका दबत नाहीं. केसभर अंतर राहिलें तरी तो हट्टास पेटतो. दुसरें सोंग रिकामेपणाचें. फिल्म सरकली कीं नाहीं हें रेटिनास आंतल्या एका दांत्याच्या चाकावरून कळतें, आणि तें चाक फिल्मच्या भोकांनीं फिरतें. तेव्हां फिल्म नसलेला कॅमेरा हातांत घेऊन दांडी कितीहि ओढली तरी खटका मुकाच. जुन्या बाजारांत गिऱ्हाईक तो उचलून पाहतें, दाबतें, खालीं ठेवतें आणि पुढें जातें. पाठ उघडून तें चाक बोटानें फिरवावें, म्हणजे त्यास कंठ फुटतो.

खरीं दुखणीं याहून निराळीं. फोटो काढणाऱ्यास स्वतः धांवत जाऊन घोळक्यांत उभें राहतां यावें म्हणून शटरवर विलंबाची एक कळ असते. तिच्या चाकांतील तेल वाळलें कीं ती निम्म्या वाटेंत थांबते आणि तिच्यामागें सारें शटर ताटकळतें. जुन्या काँपूरवर या कळीस हात लावूं नये हें उत्तम. कधीं तेलाचा पातळ थर पसरत पसरत पात्यांवर येतो व पातीं ओल्या पत्त्यांप्रमाणें एकमेकांस चिकटतात. कमान सुटल्याचा आवाज होतो, पण डोळा उघडत नाहीं. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घरोघर असते, आणि ती घेऊन शटरवर धांवून जाण्याचा मोह मोठा असतो. पात्यांस तेलाचा थेंबहि वर्ज्य आहे. तीं कोरडींच चालावयाचीं. तेथें उपाय तेल घालण्याचा नसून असलेलें तेल नॅप्थ्यानें धुऊन काढण्याचा आहे, आणि तोहि जाणत्या हातानें.

मामांच्या कॅमेऱ्यास यांपैकीं कांहीं झालें नव्हतें. मागच्या कांठावरील खुंटी टिचकी देत सरकवली असती तर आंकडा पुढें गेला असता आणि दांडी तेव्हांच मोकळी झाली असती. यंत्राचें कोडें दहा मिनिटांत सुटलें. दुसरें कांहीं केल्या सुटेना. मामींस काय सांगावें? चाळीस वर्षें जी समजूत एका बाईस आधार झाली, ती 'छत्तीस फोटो संपले होते' या चार शब्दांनीं काढून घ्यावी काय? वर्गांत उभे राहून आम्हीं सत्याचा पुष्कळ पुरस्कार केला आहे. परंतु तेथें समोर बसलेल्यांचें त्या सत्यानें कांहीं जावयाचें नसतें. आमच्या कुटुंबाचें मत असें पडलें कीं कांहीं न बोलतां कॅमेरा चालू करून द्यावा. मामींना वाटलें तर त्या चमत्कार मानतील, नाहीं तर आमच्या हाताचा गुण मानतील. सल्ला व्यवहाराचा होता, आणि आम्ही एक दिवस त्यावर विचारहि केला. पण कॅमेऱ्यांत फिल्म होती. मामांच्या अखेरच्या दिवसांतील छत्तीस दृश्यें तींत असण्याचा संभव होता, आणि ती मालमत्ता मामींची. मालकिणीस न विचारतां तिला हात लावणें म्हणजे दुसऱ्याचें पत्र फोडण्यासारखें. शिवाय फिल्मचा उल्लेख केला कीं आंकड्याचा उल्लेख आलाच.

आम्ही गेलों आणि सांगितलें. मामींनीं चष्मा मागितला आणि कॅमेरा खिडकीच्या उजेडाकडे धरला. बराच वेळ त्या '१' या आंकड्याजवळ अंगठा ठेवून बसल्या होत्या.

"म्हणजे तो रुसला नव्हता," त्या म्हणाल्या.

"नाहीं, मामी. मामांनीं शेवटचा फोटो काढला आणि फिल्म संपली. ती काढून नवी घालायला त्यांना वेळ झाला नसावा."

"संपली कीं ह्यांना दम निघायचा नाहीं. त्याच संध्याकाळीं गांवांत नेऊन द्यायचे." त्या थोडा वेळ थांबल्या. "म्हणजे त्याच दिवशींचा असेल तो."

दादा म्हणाले, "आई, तुला वाईट वाटलं का?"

"आत्याबाई कांहीं तरी बोलल्या, आणि मी तें धरून बसलें. तेव्हां धरायला दुसरं होतंच काय?" असें म्हणून त्यांनीं कॅमेरा आमच्या हातीं दिला. "आंत काय आहे तें बघ. विकायचा कीं नाहीं तें मागाहून."

फिल्मवर उजेड पडला कीं तिच्यांतील चांदीच्या क्षारांच्या कणांवर एक अदृश्य ठसा उमटतो. औषधांत धुतल्यावर तोच डोळ्यांस दिसूं लागतो. न धुतां ठेवला तर उष्णतेनें आणि दमट हवेनें तो हळूहळू विरत जातो, आणि त्याच वेळीं साऱ्या फिल्मवर धुकें दाटत येतें. कृष्णधवल फिल्म या बाबतींत चिवट. रंगीत तितकी नव्हे. मामांनीं कोडाक्रोम भरली असती तर प्रश्नच मिटला असता, कारण तिचे रंग काढून देणाऱ्या जगांतील शेवटच्या प्रयोगशाळेनें, ती अमेरिकेंत कॅन्सस राज्यांत होती, २०१० च्या अखेरीस नव्या फिल्मा घेणें बंद केलें. आमच्याच कॉलेजांतील रसायनशास्त्राच्या एका स्नेह्यांनीं हौसेखातर अंधारखोली राखली आहे. तेथें दिवा मालवून आम्हीं फिल्म मोकळी करण्याचें बटण दाबलें आणि माथ्यावरील गुंडी उलट फिरवूं लागलों. अंधारांत एवढ्यासाठीं कीं वाळलेली फिल्म मध्येंच तुटली तर पाठ उघडूनहि ती वांचावी. ती तुटली नाहीं. करकरत, कुरकुरत, पण सबंध डबींत परतली. दिवा लावल्यावर डबीवरील नांव वाचलें: 'ओर्वो'. पूर्व जर्मनींतील वोल्फेनच्या कारखान्याची ही फिल्म त्या काळीं आपल्याकडे सर्रास मिळत असे. पूर्व जर्मनी हा देश १९९० सालीं नकाशावरून गेला. त्याची ही एक डबी मामांच्या पंच्यांत राहून गेली होती.

स्नेह्यांनीं सुरुवातीकडचा एक तुकडा कापून आधीं त्यावर औषधाची मात्रा बसविली, धुकें आंवरण्यासाठीं त्यांत पोटॅशियम ब्रोमाइड घातलें, आणि मग उरलेली फिल्म धुतली. छत्तीसांपैकीं एकवीस चौकटींवर कांहीं तरी ओळखूं येण्यासारखें निघालें. तें काय असेल याविषयीं घरांत पुष्कळ तर्क चालले होते. कोणास वाटे दिवाळी असेल, कोणास वाटे दादांच्या मित्राचें लग्न. एकवीसांपैकीं चौदा मोऱ्या निघाल्या. पसरणीच्या घाटांतल्या मोऱ्या, समोरून आणि बाजूनें, शेजारीं उभी मोजण्याची काठी, आणि एका चौकटींत ती काठी धरणारा मजूर डोळे किलकिले करून उभा. दोन चित्रें खचलेल्या कठड्याचीं. एका चित्रांत मामांची सायकल कोणत्याहि कारणावांचून झाडास टेकलेली.

"खात्याच्या मोऱ्या," मामी म्हणाल्या, "आणि फिल्मचे पैसे माझ्या वाणसामानांतून!" चाळीस वर्षांनंतर हा हिशेब उघडकीस आल्याचा त्यांना खराखुरा संताप आला, आणि तो पाहून दादांनाहि आम्हांसहि बरें वाटलें.

शेवटची चौकट धुरकट होती. ती मागच्या सोप्यांतून काढलेली. उन्हांत एक बाई पाठमोरी बसली आहे, मांडीवर सूप, शेजारीं पितळी डबा, मान खालीं. चेहऱ्याची फक्त एक कड दिसते. कांठावर एक काळा गोल डाग आहे, तो बहुधा मामांच्या बोटाचा. मामींनीं तें चित्र बराच वेळ हातांत धरलें.

"तीळ निवडतें आहे," त्या म्हणाल्या. "संक्रांतीचे. ते तसेच डब्यांत राहिले. उन्हाळ्यांत खवट वास यायला लागला, तेव्हां गाईला घातले." मग चित्र उलटें करून, जणूं मागून दिसेल अशा थाटानें, पुन्हां पाहिलें. "काढायचा तर हांक नाहीं कां मारायची? तोंड आलंच नाहीं माझं."

व्यापाऱ्यास चिरंजीवांनीं तूर्त वस्तु विकावयाची नाहीं असें कळविलें. आम्हीं सांध्यांतली हळद काढली, खुंटीनें आंकडा छत्तिसावर आणला आणि नवी फिल्म भरली. आजकाल ती पुण्यांत हव्या त्या दुकानीं मिळत नाहीं, मागवावी लागते, आणि तिचें मोल ऐकून मामांचे तीन महिन्यांचे पगार आठवतात. जलद वेग अजून चोख आहेत. पुऱ्या सेकंदावर लावलें तर मात्र पातीं उघडतात आणि मिटण्याचें विसरतात. त्या चाकांची धुलाई आमच्या घड्याळजीचे चिरंजीव दिवाळीनंतर करून देणार आहेत. तोंवर उन्हांत काढण्यास कांहीं हरकत नाहीं. गेल्या महिन्यांत मामी गच्चीवर खुर्ची टाकून कॅमेऱ्याकडे तोंड करून बसल्या. शालू नेसूं का असें त्यांनीं विचारलें, आणि सर्वांनीं हो म्हटल्यावर नको म्हणून रोजच्या पातळावरच बसल्या. दांडी दादांनीं ओढली, खटकाहि त्यांनींच दाबला. तो खालीं गेला. मामींना तो फोटो लगेच पाहावयाचा होता. नातीनें आजीस समजावून सांगितलें कीं हा कॅमेरा लगेच दाखवीत नाहीं, आधीं सगळी फिल्म संपवावी लागते. तेव्हांपासून घरांत येणाऱ्याजाणाऱ्याचा एकेक फोटो काढण्याचा मामींचा आग्रह चालू आहे. आंकडा सध्यां सातावर आहे.